बाबांचा हिरो

फिनाईलचा वास आला की मला भिलईच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. बाबांना स्टील प्लांटमधून कामावरून बेशुद्धच आणलं होतं. "बोलत राहा, ऐकू येत असेल," नर्स म्हणाली. मी आईचं, देवाचं, सगळं बोलून पाहिलं; पापणीही हलली नाही. शेवटी घाबरून मी त्यांच्या लाडक्या हिरोवर घसरले. "बाबा, तुमच्या हिरोले नाचताच येत नाही. त्याच्यापेक्षा त्याचा घोडा बरा नाचते!" त्यांचे ओठ थरथरले. "याच्यासाठी... कालेजात शिकवलं का तुले?" तेच त्यांचे शेवटचे शब्द; संध्याकाळी ते गेले. माझी, आमच्या घरातली पहिली पदवी भिंतीवर आहे, तिच्याखाली टीव्ही. तो हिरो दिसला की मी अजूनही मोठ्यानं त्याला नावं ठेवते, आणि क्षणभर थांबते.