एलिबारिकीचा अपराध

आमच्या शेजारी एलिबारिकी राहतो. दार-एस-सलामहून मोशीला किमारोबाबांच्या बसगाड्या जातात, त्यांच्या कचेरीतले कॉम्प्युटर तो सांभाळतो. सगळी तिकिटं ज्या सर्व्हरमध्ये साठतात, तो पार थकला होता. एलिबारिकीने त्याच्यावर टेबलफॅन रोखून ठेवलेला. सर्व्हरचे भाग कंपनीने बनवायचे थांबवले, तर हा भंगारातून तसल्याच मेलेल्या मशीनचे अवयव आणून बसवायचा आणि म्हणायचा, "अजून धडधाकट आहे!"

डिसेंबरात आम्ही चग्गा मंडळी झाडून सगळी नाताळाला किलिमांजारोच्या पायथ्याशी आपापल्या घरी जातो. तिकिटांना झुंबड उडते आणि नेमका तेव्हाच सर्व्हर धापा टाकतो. एकच सीट दोघांना विकली जाते. खिडकीवरच्या मुली एका सुरात ओरडतात, "एलिबारिकीऽऽ!" आमच्या चर्चच्या गायकवृंदालाही असा सूर कधी लागला नाही. या पायी चार नाताळ तो घरी गेला नव्हता. बायको आणि लेक उपेंदो जायच्या, हा मशीनपाशी.

"यंदा तरी येणार का उपेंदोचे बाबा?" मी तिच्या आईला विचारलं.

"कसले येतायत! माझी सवत आजारी असते ना दर डिसेंबरात!"

ऑगस्टात मी माहेरी गेले, तेव्हा चर्चमधून निघताना एलिबारिकीच्या आईने, न्देशीआजींनी, मला बाजूला घेतलं. "खरं सांग पोरी, माझ्या लेकाने मालकाचं काय बिघडवलंय? शिक्षा असल्याशिवाय कुणी चार नाताळ अडकून पडतं का?"

मी परोपरीने सांगितलं. पटेल तर शपथ. त्यांनी कुंपणातलं इसालेचं पान तोडलं, त्याची गाठ बांधली आणि माझ्या हातावर ठेवलं. "मालकाला दे. म्हणावं, पोराचा अपराध पोटात घाल."

इसालेचं पान हातात आलं की चग्गा माणसाला क्षमा करावीच लागते. आता हे मी टाळणार कशी? दार-एस-सलामला परतल्यावर देवाचं नाव घेतलं आणि उपेंदोच्या आईला बरोबर घेऊन कचेरीत गेले.

पान पाहताच किमारोबाबा उठून उभे राहिले. "कुणाचा अपराध?"

"एलिबारिकीचा. त्याच्या आईने पाठवलंय. त्याला क्षमा करा आणि नाताळाला घरी सोडा."

"मी कुठे धरून ठेवलाय? एलिबारिकी! इकडे ये! आईला काय सांगितलंस, मी तुला साखळीने बांधतो?"

"नाही हो बाबा, तो सर्व्हर..."

"दोन वर्षं विचारतोय, नवा कधी घ्यायचा? तूच म्हणतोस, आणखी एक नाताळ निघेल."

"निघतोच की!"

"निघतो कुठला? तू काढतोस!"

"आणि एक दिवस दुसऱ्या मिस्त्रीवर सोपवा म्हटलं तर?" उपेंदोच्या आईने विचारलं.

"त्याला याच्या खोडी कुठे माहीत आहेत?" एलिबारिकी पटकन म्हणाला आणि स्वतःच थबकला. मग खाली बघत बोलला, "खरंय, बाबा. याला सोडून मला चर्चमध्येही निवांत बसता येत नाही. असं व्हायला लागलं तेव्हाच बदलायला हवा होता. पण हा फक्त माझ्या हाताने चालतो, याची मला ऐट होती."

किमारोबाबांनी पान खिशात ठेवलं. "आईच्या पानाचा मान राखतो. पण नवा ऑक्टोबरातच बसव, दोन्ही थोडे दिवस बरोबर चालू दे. ऐन डिसेंबरात हात लावलास, तर अख्खं झाड घेऊन आलास तरी ऐकणार नाही!"

नाताळाच्या आदल्या दिवशी मी न्देशीआजींकडे गेले. केळ्यांचं दाट सूप, म्तोरी, रटरटत होतं, आजी लेकाला ढवळायला लावत होत्या. त्याचा एक हात डावावर, डोळे फोनवर. फोन काही वाजेना. शेवटी त्यानेच कचेरीत, खिडकीवरच्या मुलीला लावला.

"अनाएली, काही अडलंय का गं?"

"नाही दादा."

"एखादी सीट दोनदा?"

"नाही हो! नाताळच्या शुभेच्छा, आता ठेवा. मोठी रांग आहे!"

त्याचा चेहरा एवढासा झाला. आजींनी फोन काढून घेतला. "ढवळ! तळाला लागतंय!"