बेशेमनं मानाचं हाड परत केलं

बेशेमच्या बायकोला कुणी विचारलं, की तुझा नवरा करतो तरी काय, तर ती म्हणायची, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो." त्यात खोटं काही नव्हतं. तो आमच्या कुरण समितीचा प्रमुख. पगार नाही, गाडी नाही. कुठला उतार कधी चरायला मोकळा करायचा, कुठला बंद ठेवायचा, उन्हाळी कुरणावर कधी निघायचं हे ठरवायचं आणि मग घरोघरी फिरून शिव्या खायच्या, असं ते काम. मी झूरा, त्याच समितीतली. वयानं त्याच्याहून बरीच मोठी, म्हणून तो मला एजे म्हणतो आणि मी त्याला तोंडाला येईल ते म्हणते.

कोलखोज, म्हणजे सरकारी सामूहिक शेत, होतं तेव्हा तो मेंढ्यांच्या डॉक्टरच्या हाताखाली होता. कोलखोज मोडलं, डॉक्टर शहरात पळाला, हा राहिला. उंच, खांद्यात वाकलेला, हातात डोंगर चढायची काठी, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीतही जायचा नाही. कुणाच्या मेंढ्या बंद उतारावर दिसल्या की हा त्याच्या घरी जाऊन बसायचा. चहा प्यायचा, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करायचा, गाय कधी व्यायली ते विचारायचा. निघताना, दारात बूट चढवता चढवता म्हणायचा, "काल वर तुझ्या मेंढ्यांसारख्याच मेंढ्या दिसल्या रे. माझीच नजर कमी झाली असेल." समोरचा कानापर्यंत लाल व्हायचा. दुसऱ्या दिवशी मेंढ्या खाली.

"अरे, एकदा ओरड की बाबा," मी म्हणायचे. "तोंड कशाला दिलंय देवानं?"

"ओरडलो तर उद्या दार उघडणार नाहीत, एजे. माझ्याकडे पोलीस आहेत का?"

तो बंद उतार म्हणजे सारी-बेत. आमच्या खालच्या गल्लीच्या थेट डोक्यावर. वर्षानुवर्षं वसंतात सगळ्या गावानं तिथं जनावरं सोडली, झुडपं उपटून चुलीत घातली, पार टक्कल करून टाकलं त्याचं. मग एका मे महिन्यात पाऊस पडला आणि अख्खा डोंगर चिखल होऊन आमच्या गल्लीत शिरला. माझा गोठा गेला, आत बांधलेली गाय आणि वासरू गेलं. शेजारच्या बात्माच्या सुनेला छपरावरून ओढून काढली, पोटुशी होती ती. वरच्या गल्लीतले लोक सांत्वनाला आले, रडले, जेवले आणि पुढच्या वसंतात मेंढ्या घेऊन पुन्हा त्याच उतारावर! तेव्हा बेशेमनं समिती हातात घेतली. उतार बंद केला. आम्ही बायकांनी पाठीवर पोती नेऊन गवताचं बी पेरलं. तीन वसंत त्यानं तो उतार फक्त लोकांच्या घरचा चहा पिऊन राखला. यंदाचा हा बंदीचा शेवटचा वसंत होता. एवढा निभावला की मुळं धरणार होती आणि आम्ही पावसात अंथरुणात झोपणार होतो.

आणि नेमका यंदाच जुमगालबेक उपटला.

हा आमच्याच गावचा. शहरात घोड्याच्या मांसाचा धंदा. घोड्यांचा कळप मात्र इथं, आमच्या गवतावर. हिवाळा लांबला, याचा चारा संपला, उन्हाळी कुरणावर अजून बर्फ. विकत घ्यायचा ना चारा! पैसा काय कमी आहे? पण सारी-बेतवर हिरवं दिसलं आणि याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यानं बेशेमकडे तोंड उघडून परवानगी मागितलीच नाही. त्यानं नातवाचा तुशो काढला.

मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायात काळापांढरा दोरा बांधायचा, पोरांची शर्यत लावायची, जिंकेल त्यानं दोरा कापायचा. सगळं गाव बोलावलं. मी मागच्या अंगणात कढईपाशी होते, पिठाचे बोर्सोक तळून तळून डोळे सुजले होते. चहा घेऊन आत गेले तेव्हा मांस वाढायची वेळ आली होती. आमच्याकडे कुणाला कुठलं हाड मिळतं त्यावरून त्याची जागा कळते. कमरेचं हाड, जांबाश, बसलेल्यांतल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं. म्हणजे कासिमाली-अताचं. म्हातारा बाह्या सारून तयारच बसला होता.

जुमगालबेकनं स्वतःच्या हातानं ती थाळी उचलली आणि बेशेमपुढे ठेवली.

"बेशेम-आके, आज हे तुमचं. गावाच्या जमिनीसाठी तुम्ही एवढं करता, आम्ही काय आंधळे आहोत?"

खोलीत कुणी चावेना. कासिमाली-अताची मान ताठ झाली. सगळ्यांना कळलं. बायकांना कळलं, दारातल्या कुत्र्यालासुद्धा कळलं असेल. मानाचं हाड खाल्लं की त्या घरचा शब्द खाली पडू देता येत नाही. हे कसलं परवानगी मागणं? हा तर गळ्यात फास घालायचा, तोही लोण्यानं माखून!

मी चहाची किटली धरून उभी. मनात म्हणते, बेशेम, सरकव ती थाळी. म्हण, हे अताचं आहे. एवढं सोपं होतं. आणि हा गाढव काय करतो? थाळीकडे बघत बसला. मग खिशातून पिशवी काढली, हाड तिच्यात घातलं आणि पुटपुटला, "घरी नेतो. बायको आजारी आहे." उरलेलं घरी न्यायची रीत आहेच, सगळेच नेतात. जुमगालबेक हसला. लोक हसले. जेवण सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर सारी-बेतवर घोडी. रात्री पाऊस झालेला, जमीन मऊ, आणि ती जनावरं खुरांनी मुळासकट उपटत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चपला कुठल्या पायात कुठली ते न बघता मी बेशेमच्या घरी गेले.

"गिळलंस ना?" दारातूनच ओरडले. "चव कशी होती? तीन वर्षं आमच्या पाठीवर बी वाहून घेतलंस, आणि एका हाडावर विकलंस?"

तो पडवीत बसला होता. बोट करून त्यानं खुंटी दाखवली. पिशवी तशीच लटकत होती, गाठ न सोडलेली.

"तोंडाला लावलं नाही, एजे. मला वाटलं, खाल्लं नाही म्हणजे मिंधा नाही."

"अरे शहाण्या! पिशवीत घातलंस म्हणजे घेतलंसच की! तुझ्या पोटात शिरून कोण बघणार आहे?"

"सगळ्यांसमोर नाही म्हणायला जीभ रेटली नाही. बाळाचा दिवस होता."

"बाळाचा दिवस! आणि बात्माच्या सुनेचं बाळ? ते कुठं झोपतं रोज?"

तो उठला. टोपी घातली, खुंटीवरून पिशवी काढली. बायको आतून किंचाळली, "अहो, असं कुणी करत नाही!" खरंच कुणी करत नाही. आमच्याकडे भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावतात. कुणाच्या घरचं मांस परत नेऊन देणं म्हणजे त्या घराशी असलेलं रक्त धुऊन टाकणं. मी त्याच्या मागे चालले. खरं सांगते, भीती वाटत होती.

जुमगालबेकच्या अंगणात कालचे पाहुणे उरले होते. बेशेम थेट त्याच्यापुढे उभा राहिला आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"जुमगाल, हे तुझं."

जुमगालबेकचा चेहरा पांढरा पडला. "अन्न परत करतोस?" त्याचं 'तुम्ही' कुठल्या कुठं गेलं. "माझ्या नातवाच्या तोंडावर?"

"घोडी खाली आण. मग तुझ्या दारात बसून खातो. पाणी देऊ नकोस, तरी खातो."

पहिल्यांदाच त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. जुमगालबेकनं पिशवी भिंतीवर आपटली. घोडी मात्र हलली नाहीत.

चौथ्या दिवशी शाळेच्या अंगणात गावाची सभा भरली. मला वाटलं, घोड्यांचं बोलतील. अंगणातून उतार दिसत होता, हिरव्यात काळे ओरखडे पडलेले. एकानं वर मान केली नाही! सगळी सभा मांसावर. कासिमाली-अता, ज्याच्या पुढ्यातून ते हाड पळवलं होतं, ज्यानं दोन दिवस घरी बायकोचं डोकं खाल्लं होतं, तो काठी टेकत उठला आणि म्हणाला, "ज्यानं अन्न परत केलं तो आपला पुढारी नाही. बापजाद्यांनी हे पाहिलं नव्हतं." बापजादे! बापजाद्यांनी डोंगर अंगावर आलेला पाहिला होता का?

"कोण म्हणतं त्याला काढा?" हात वर झाले. वरच्या गल्लीचे झाले, ते मी समजू शकते. पण बात्मा, माझी शेजारीण, जिच्या सुनेला बेशेमनंच छपरावरून ओढलं होतं, तिचाही हात वर. मी तिच्याकडे बघितलं तर ती रुमाल सारखा करायला लागली. बेशेम भिंतीशी उभा होता. त्यानं मान हलवली, जणू कुणी भाव सांगितला आणि त्याला पटला.

"मग आता कोण?" अध्यक्षानं विचारलं.

फुकटचं काम, शिव्यांचा पगार, आणि सारी-बेतवर जुमगालबेकची घोडी. एक जण बुटाची नाडी बांधतो, एक आभाळ बघतो. एवढे हात वर झाले होते, कुठं गेले?

"मी," मी म्हणाले.

"झूरा-एजे, तुमचं वय..."

"वयाचं तुला काय करायचंय? दात आहेत अजून." मी पुढे गेले. "आणि ऐकून ठेवा. लग्न असो, मयत असो, बाळाचा दोरा असो, आजपासून मी या गावात कुणाच्या घरी जेवणार नाही. चहासुद्धा नाही. माझ्या बहिणीकडे नाही, बात्मा, तुझ्याकडे तर नाहीच. मांडीवर वाढवलेल्या नातीचं लग्न आहे शरदात, तिथंही मी बाहेर उभी राहून आशीर्वाद देईन आणि घरी येऊन बटाटा उकडीन. मला कुणी काही वाढू नका."

माझी बहीण तिथंच रडायला लागली. अध्यक्षानं मान खाली घातली. खालच्या गल्लीतले हात एकेक करून वर आले, बात्माचा सगळ्यात शेवटी.

मी जुमगालबेककडे वळले. "घोडी आज उतरव. नाहीतर मी वर जाऊन उपाशी बसते, आणि माझ्यासाठी जेवण घेऊन कुणी येणार नाही, हे आत्ताच सगळ्यांनी ऐकलंय."

तो घोड्यांचं नावही न काढता गाडीत बसून निघून गेला. मी भिंतीशी गेले.

"बेशेम, काठी दे तुझी," मी म्हणाले. "आणि चल, वाट दाखव. चिखलात मला एकटीला चढवणार नाही."