अक्कांच्या खोकल्यातले विषाणू

नव्वदच्या दशकात मी एम.एस्सी.साठी बेळगावहून बंगळूरला आले आणि राजाजीनगरात एका मराठी घराची वरची खोली भाड्याने घेतली. घरमालकीण साठीच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांना कित्येक वर्षांचा खोकला होता. फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या रुंदावल्या होत्या आणि तिथे एका चिवट जंतूनं ठाण मांडलं होतं. औषधानं तो दबायचा, पुन्हा डोकं वर काढायचा.

आमच्या सरांना अभ्यासासाठी नेमके असेच जंतू हवे होते. मी भीतभीत अक्कांकडे थुंकीचा नमुना मागितला. त्या म्हणाल्या, खोकला ऐकून लोक लांब सरकतात, मागायला आलेली तूच पहिली, हवा तेवढा ने.

प्रयोगशाळेत जंतू छान हिरवट वाढले. द्राक्षांसारखा गोड वास यायचा त्यांना. मी त्यांच्यावर अतिनील किरण सोडले, मग द्रव गाळून जंतू काढून टाकले आणि उरलेल्याचा एक थेंब प्लेटवर पसरलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या जंतूंवर टाकला. सकाळी प्लेटवरच्या त्या दाट थरात एक स्वच्छ गोल भोक पडलं होतं. अक्कांच्या जंतूंच्या आत विषाणू राहत होते, तेच बाहेर पडले होते आणि त्यांनी हे दुसरे जंतू फोडले होते. सर येईपर्यंत मी ती प्लेट हातातून खाली ठेवली नाही.

घरी सांगितल्यावर अक्कांनी हट्टच धरला. जंतू माझे, मी बघणार. सरांनीही बोलवा म्हणून सांगितलं. त्या रेशमी साडी नेसून, मल्लिगेचा गजरा माळून बसने मल्लेश्वरमला आमच्या प्रयोगशाळेत आल्या. झाकण चिकटवलेली प्लेट मी खिडकीपाशी धरली. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. विषाणू आत असून जंतू मरत कसा नाही, असं विचारलं. मी सांगितलं, तो जंतूच्या गुणसूत्रात गपचूप राहतो. जंतूवर संकट आलं, की त्याला फोडून बाहेर पडतो.

अक्का स्वल्प विचारात पडल्या. "म्हणजे माझ्या भाडेकरूनं मला न विचारता पोटभाडेकरू ठेवलाय."

सरांना हसू आवरेना. मग त्यांनी सरळ सांगितलं, की यामुळे खोकला काही बरा होणार नाही. असे विषाणू कधीकधी जंतूच्या फायद्याचेही असतात.

"सरी, असू दे," अक्का म्हणाल्या, "कळलं तरी."

खोकला राहिलाच. पण पुढच्या तपासणीला अक्कांनी डॉक्टरांनाच हे सगळं समजावलं, आणि एरवी मान खाली घालून औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवून ऐकलं. संध्याकाळी त्या माझी वाट बघत दारातच उभ्या होत्या. डॉक्टरांनी काय काय विचारलं ते सांगताना त्यांना ठसका लागला. तो ओसरेपर्यंत थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.