लतीफचाचांचं लाल फडकं

"हात काढ गो, निजलाय तो."

लतीफचाचांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दचकून हात काढला आणि इकडेतिकडे पाहिलं. शेडमध्ये झोपलेलं कोणी दिसेना. समोर दोन माणसांचं पिटुकलं विमान होतं आणि त्याच्या नाकावर लाकडी पंखा आडवा थांबवलेला होता. फोटो काढायचा म्हणून मी त्याच्या पात्याला धरून उभी होते. अब्बांनी मोबाइल खाली केला.

"लतीफ, ही आमची मोठी. कॉलेजात असते."

"मग कॉलेजात ह्याच शिकवतात काय? म्हशीला कुणी शिंगाला धरून ओढतं?"

त्या दिवसापासून माझं नाव कॉलेज पडलं. खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंकाच आहे.

अब्बा दोह्यात एका कंपनीत कारकून आहेत. कंपनी ज्या कतारी कुटुंबाची, त्यातले एक भाऊ निवृत्त वैमानिक. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. समैस्म्याला समुद्राजवळ त्यांचा व्हिला आहे. पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडत जोडत त्यांनी हे विमान स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं, आणि उत्तरेकडच्या एका छोट्या धावपट्टीवर शेड घेऊन ते तिथे ठेवलं होतं. लतीफचाचा मूळचे गावाकडच्या आमच्याच खाडीच्या पलीकडच्या काठचे. घराणं होड्या बांधणाऱ्यांचं. कतारला ते लाकडी बोटी दुरुस्त करायला आले होते. कॅप्टनना त्यांचा हात आवडला आणि त्यांनी चाचांना पंख्यासाठी आणून व्हिल्यामागच्या खोलीत ठेवलं. ओळख अब्बांनी करून दिली होती. हे पुढे महत्त्वाचं ठरलं, म्हणून सांगून ठेवते.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. उडत्या वाळूने पंख्याच्या पात्याची कशी झीज होते, असा विषय मी प्रोजेक्टसाठी घेतला होता. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कोणी गेलेलं नाही, त्यामुळे कुणाला काय विचारायचं असतं हेही मला नीट कळत नसे. दर शनिवारी अब्बांबरोबर शेडवर जायचं, वही उघडून बसायचं आणि चाचा बोलतील ते लिहून घ्यायचं, एवढं मला जमत होतं.

चाचा कामाला सुरुवात डोळे मिटून करत. उजव्या हाताचा तळवा पात्याच्या कोरेवरून, म्हणजे हवेला सामोऱ्या जाणाऱ्या कडेवरून, मुळापासून टोकापर्यंत फिरवायचा. मग खिशातून जुनं एक रुपयाचं नाणं काढून बोटबोटभर अंतरावर ठोकत जायचं आणि कान देऊन ऐकायचं. "जित्या लाकडाचा आवाज वेगळा, मेल्याचा वेगळा," ते म्हणत. मला दोन्ही आवाज सारखेच ऐकू येत. तसं मी एकदा सांगून टाकलं. ते म्हणाले, "येईल ऐकू. तुझं कान अजून पुस्तकात हायत."

उत्तरेकडचा शमाल वारा सुटून गेला की पंख्यावर पिठासारखी धूळ बसायची. एकदा कॅप्टनच्या पाहुण्याने कोरड्या रुमालाने पातं पुसायला घेतलं. चाचांनी त्याचा हात मनगटाला धरून बाजूला केला आणि मला म्हणाले, "सांग त्याला इंग्रजीत. कोरडं पुसलं की वाळूच रंधा मारते." मग ओल्या मऊ कापडाने, बाळाला पुसावं तसं त्यांनी पातं पुसलं. कोरेवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असे. तिच्या कडा ते नखाने तपासत आणि पट्टी कुठे फुगली असेल तर पुरती काढून नवी लावत. पात्यांच्या टोकांना पितळी पत्रा होता आणि त्याला बारीक भोकं. आत शिरलेली ओल तिथून बाहेर पडते. चाचा त्यांना नाकपुड्या म्हणत आणि शिवणाच्या सुईने दर आठवड्याला साफ करत. पंखा कधीही उभा ठेवायचा नाही, कारण ओल खालच्या पात्यात उतरते आणि ते जड होतं. "माणूस निजताना आडवा होतो ना? मग?"

एका शनिवारी मी त्यांना पंख्याचं इंग्रजी माहितीपुस्तक वाचून दाखवलं. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, म्हणून ऋतू बदलला की बोल्ट पुन्हा तपासावेत, असं त्यात लिहिलं होतं. चाचा हसले. "ह्याच्यासाठी पुस्तक छापलं? आमच्या बायांना पाटाचा खिळा सैल झाला की कळतं." पण मग त्यांनी ते पान मला पुन्हा वाचायला लावलं. आपण करतो ते कुठेतरी लिहिलेलं आहे, याचं त्यांना बरं वाटलं असावं.

दोन गोष्टींवरून आमचा वाद व्हायचा.

पहिली, एक शब्द. इथे सगळेच अरबीतलं खलास म्हणतात. काम झालं, खलास. जेवण झालं, खलास. मी दोह्यातच वाढले, माझ्या तोंडी तो शब्द श्वासासारखा आहे. चाचा निघताना यल्ला म्हणत, आभार मानताना शुक्रन म्हणत, इन्शाल्लाशिवाय तर त्यांचं वाक्य संपत नसे. पण इतकी वर्षं कतारात काढूनही झालेल्या कामाला त्यांनी कधी खलास म्हटलं नाही. "काम पुरं होतं गो. खलास माणूस होतो, नायतर होडी. चांगल्या कामाला मेलेलं कशाला म्हणायचं?" त्यांच्यासाठी तो शब्द मराठीच राहिला होता. मी हसायचे.

दुसरी, लाल फडकं. त्यांच्या खाडीत फुटक्या होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, लाल फडकं बांधत, म्हणजे चुकूनही कोणी ती पाण्यात लोटू नये. चाचांनी ती रीत शेडमध्ये आणली होती. पंख्यात काही शंका आली की खिशातलं फडकं पात्याला बांधायचं. ते दिसलं की कॅप्टन इंजिनाला हात लावत नसत.

"चाचा, विमानाला फडकी बांधत नाहीत," मी म्हणाले. "नोंद करतात. फडकं वाऱ्याने उडेल. लिहिलेलं उडत नाही."

"मला कुठं लिहिता येतं?"

"मी लिहीन ना. तुम्ही फोन करा, मी कॅप्टनना मेसेज करीन. त्यांच्याकडे कायमचं राहील."

"बघ हां, कॉलेज," ते एवढंच म्हणाले. त्यानंतर चार महिने मी त्यांच्या नोंदी पाठवत होते. पट्टी बदलली. बोल्ट तपासले. वार्निशचा एक हात दिला, दोन्ही पाती तोलात आहेत. कॅप्टनना ही पद्धत आवडली. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. प्रोजेक्टमध्ये मी त्यावर एक परिच्छेदही लिहिला.

मग तो गुरुवार. कॅप्टन आठवडाभर परदेशात होते आणि पंख्याच्या वार्निशचं काम पुरं होण्याची वाट बघत होते. शुक्रवारी सकाळी त्यांना उडायचं होतं. चाचांनी दुपारी कोरेवरची जुनी पट्टी काढली, नाणं ठोकलं आणि एका जागी आवाज मेलेला लागला. लाकडाचे थर डिंकाच्या जोडावर उघडले होते. त्यांनी कॅप्टनना फोन लावला. तो बंद होता, ते परतीच्या विमानात होते. मग त्यांनी मला फोन केला. मी कॉलेजच्या बसमध्ये होते, रात्रीपर्यंत द्यायच्या असाइनमेंटची घाई होती आणि मागे मुलं मोठ्याने हसत होती.

"कॉलेज, कॅप्टनला लिही. पंखा खलास."

"हो चाचा, लिहिते."

मी लिहिलं. इंग्रजीत, एका ओळीत: लतीफ अंकल म्हणतात, पंखा खलास. संध्याकाळी कॅप्टनचा अंगठा आला आणि खाली शुक्रन. पंखा मेला असं सांगणाऱ्याला कोणी आनंदाने शुक्रन म्हणतं का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पडला असता तर रात्रभर वेळ होता.

शुक्रवारी चाचा नेहमीसारखे नमाजानंतर आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या घरी जेवायला आले. अम्मीने सुरमई तळली होती. ताटं वाढत असतानाच अब्बांचा फोन वाजला. कॅप्टननी सकाळी इंजिन पूर्ण वेगात नेल्यावर पंख्याचा टोकाकडचा तुकडा उडाला होता. विमान हादरत धावपट्टी सोडून वाळूत शिरलं. कॅप्टन वाचले होते, पण हात दोन जागी मोडला होता.

चाचा ताटावरून उठले. हात न धुताच ते माझ्यासमोर उभे राहिले.

"काय लिहिलंस?"

मी मोबाइल दाखवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर हाय. ह्याच बोललो मी." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "फडकं बांधायला काढलं होतं. खिशात परत ठेवलं. म्हटलं, कॉलेज लिहितेय ना."

रविवारी कॅप्टननी आम्हा तिघांना व्हिल्यावर बोलावलं. गाडीत चाचा पुढे बसले होते. पेट्रोल पंपावर ते उतरले तेव्हा अब्बा मागे वळून हळू आवाजात म्हणाले, "विचारलं तेवढंच बोल. माझा इकामा त्यांच्या कंपनीच्या हातात आहे, तो गेला तर इथे राहता येणार नाही. तुझं एक वर्ष राहिलंय." ते माझ्याकडे बघत नव्हते. अब्बांना मी दोष देऊ शकत नाही. म्हणजे, देते कधीकधी, पण तो खरा नसतो.

कॅप्टन ओरडले नाहीत. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने मोबाइल पुढे केला.

"लतीफ, तुम खलास बोला?"

"हां कॅप्टन. खलास बोला."

"फिर?"

"कॅप्टन, हमारे मुलुक में खलास मतलब..." चाचा थांबले. शब्द शोधत होते. "मतलब मर गया."

"इतने साल से इधर है," कॅप्टन शांतपणे म्हणाले, "और खलास का मतलब नहीं मालूम?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात मागणं नव्हतं, असं मला अजून वाटतं. त्यांना फक्त शब्द हवे होते, आणि त्यांचे शब्द चार महिने मीच पुरवत होते. मला एवढंच सांगायचं होतं: हा माणूस झालेल्या कामाला कधीच खलास म्हणत नाही, मला हे माहीत होतं, आणि फडकं मी सोडायला लावलं. तीन वाक्यं. मला तिन्ही भाषांत येत होती.

कॅप्टननी मला इंग्रजीत विचारलं, "त्याने जे सांगितलं, तेच तू लिहिलंस?"

"हो सर," मी म्हणाले. "शब्दशः."

चाचांनी मान खाली घातली नाही. त्यांनी खिशातून लाल फडकं काढलं, कपाळ पुसलं आणि परत ठेवलं.

दहा दिवसांत त्यांचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर अब्बा गेले, मी परीक्षेचं कारण सांगितलं. परीक्षा खरंच होती, पण दुसऱ्या दिवशी. खाडीच्या दोन्ही काठांवर बातमी पोचली ती अशी, की लतीफची नजर चुकली, त्याच्या हातचा पंखा फुटला, साहेब मरता मरता वाचला. ज्याच्या नाण्याला मेलेलं लाकूड ऐकू यायचं, त्याला गावात कोणी होडीचं काम देईना. आता ते एका दुकानात तयार दरवाजांना बिजागऱ्या बसवतात, असं अब्बांनी सांगितलं. कॅप्टननी कार्बनचा पंखा आणला. त्याला लाकडासारखं जपावं लागत नाही.

माझा प्रोजेक्ट चांगल्या श्रेणीने पास झाला. नोंदींवरचा परिच्छेद मी काढला नव्हता. सरांनी त्याखाली 'उत्तम' लिहिलं आहे.

निकाल लागल्यावर मी धीर करून चाचांना फोन केला. मागे ड्रिल मशीन चालू होतं.

"काय गो कॉलेज, पास झालीस?"

"झाले, चाचा. चाचा, त्या दिवशी मी..." पुढे मला रडूच आलं. तरी सगळं सांगितलं, तुटक तुटक. मी कॅप्टनना आता खरं सांगते, असंही म्हणाले. ड्रिल थांबलं.

"आता सांगून काय गो," ते म्हणाले. "ता खलास."

मी वाट पाहिली. त्यांनी फोन ठेवला होता.

त्यानंतर आजपर्यंत मी कॅप्टनना काही सांगितलेलं नाही. अब्बांची नोकरी चालू आहे. हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, आणि कॅप्टनना मराठी वाचता येत नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं.