खुरसासमोरची शपथ

गिरणीत पीठ साठत नाही, ज्याचं तो घेऊन जातो. साठतात ते किस्से! लग्न होऊन मी खानापुराकडून जोयड्याच्या या रानातल्या वाडीत आले आणि सासऱ्यांनी मला आमच्या गिरणीतल्या स्टुलावर बसवलं. नवी सून, त्यात न बोलणारी. मी आहे हेच लोक विसरतात. आणि गिरणीच्या आवाजात कानात सांगायच्या गोष्टी एकमेकांना ओरडून सांगतात. यंदा पंचायतीचं इलेक्शन लागलं, मग तर काय विचारता!

आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव. उभ्या राहिल्या दोघी. एक फिलोमिना, म्हणजे वाडीची फिलूबाई. वाडीतलं एकुलतं एक दुकान तिचं, जीप तिची, आणि जीप चालवणारीही तीच. ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, बांधून घेते, एवढंच तिचं म्हणणं. पावसात ओढा चढला की आमची वाडी जगापासून तुटते, त्यामुळे म्हणणं लहान नव्हतं.

दुसऱ्या लक्ष्मीअक्का. खरं तर उभे होते त्यांचे यजमान, परसूअण्णा. बॅनरवर फोटोही अण्णांचाच मोठा. अक्का कोपऱ्यात, पासपोर्ट साईज! साकवाबद्दल अण्णांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचा मुद्दा एकच: "ती किरिस्ताव हाय."

*

"ही बया निवडून आली की आपली पोरंबाळं पाव खायला लागतील, पाव!"

अण्णा गिरणीच्या वरताण ओरडत होते आणि नेमकी लाईट गेली. पट्टा थांबला. शेवटचा "पाव!" अख्ख्या वाडीनं ऐकला.

दारात फिलूबाई, कमरेवर तांदळाची बुट्टी. अण्णांच्या एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात अर्धा पाव. तिच्याच दुकानातला.

ती म्हणाली, "खावा अण्णा, चहा निवतोय."

*

पाव हरला म्हणून अण्णांनी पोप काढला.

"हिंचा पोप हाय परदेशात. उद्या पंचायतीला हुकूम तिथनं सुटणार, लिहून ठेवा!"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पीठ चाळत होत्या. चाळणी थांबवून म्हणाल्या, "व्हय? मग साकवाचं त्यालाच सांगूया की! हितल्यांना सांगून सांगून तोंड दुखलं."

*

मागच्या पावसात लक्ष्मीअक्कांच्या पोटात जीवघेणी कळ आली होती. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून कंबरभर पाण्यातून ओढा पार केला. मधे एकाचा पाय घसरला, खुर्ची कलंडली, अक्का पाण्याला टेकून वर आल्या. पावसाळ्यात पलीकडेच ठेवलेली जीप सुरू करून फिलूबाई तिथं उभी होती. जोयड्याच्या दवाखान्यात नेलं, आणि अक्का उठून बसेपर्यंत ती तिथून हलली नाही.

हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून सासऱ्यांनी एकदा विचारलंच, "अण्णा, जीपमधी बायकोला बसवताना धर्म इचारला न्हाई व्हय?"

अण्णा जराही अडखळले नाहीत. "जीप आपल्यातल्याच माणसाची हाय रं! दिग्गी गावच्या आपल्या पाव्हण्याकडनं घेतली तिनं. ती नुसती चालवती!"

अक्का तिथंच तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप असं आपटलं, की कोंडा अण्णांच्या मिशीवर!

*

मग अण्णांनी देवालाच विचारायचं ठरवलं. आमच्या देवळात कौल लावतात. गुरवानं देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही.

"किरिस्ताव बाई पंचायतीत चालंल काय?"

उजवं पडलं.

"परत लाव. गडबडीत देवाला ऐकू गेलं न्हाई."

परत उजवं!

अण्णा गुरवावर उखडले. "अरे, ती किरिस्ताव हाय हे नीट सांगितलंस काय देवाला?"

गुरव म्हणाला, "सांगायला कशाला पायजे? जत्रंच्या मांडवाला केळी दरसाल तिच्या परसातनं येत्यात. वळखतोय की त्यो तिला!"

अण्णा पायरी उतरता उतरता म्हणाले, "म्हंजे देव पण फितवला बयेनं!"

*

आता उरली शपथ. फिलूबाईला मत देणार नाही, अशी घराघराची शपथ घ्यायची. पण घ्यायची कुणासमोर? देवळातली शपथ मोडली तर गपचूप नारळ ठेवून सुटता येतं. अण्णांनी स्वतःच तसे बरेच नारळ ठेवलेले.

खुरीस मात्र कडक! तिठ्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, उघड्यावर उभा असलेला तो दगडी क्रूस. त्याच्यासमोरची शपथ मोडली तर त्या गोष्टीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या सकाळी तिथं मेणबत्ती लावून माफी मागावी लागते, नाहीतर अंगात ताप भरतो, असं वाडीत हिंदू-किरिस्ताव सगळेच मानतात. आणि तिठ्यावर मेणबत्ती लावली की कोण फुटलं ते जगाला दिसतं.

"खुरसासमोरच घेऊया," अण्णा म्हणाले. "मग बघतो कोण त्या किरिस्तावणीला मत देतंय!"

शपथ घेतानाही मेणबत्ती लागते. ती मिळते एकाच दुकानात.

"कशाला हो अण्णा?" फिलूबाईनं विचारलं.

"शपथ घ्यायची हाय. तुला पाडायची."

तिनं बरणीमागून मेणबत्ती काढून दिली आणि मागून हाक मारली, "काडेपेटी पण न्या, तिठ्यावर वारं असतंय!"

सगळ्यांनी शपथ घेतली. आत्याबाईंनी, सासऱ्यांनी, गुरवानं, लक्ष्मीअक्कांनीसुद्धा. मला कुणी बोलावलंच नाही. नवी सून, सासू सांगेल तिथं शिक्का मारणार!

*

फिलूबाई निवडून आली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच अण्णा तिठ्यावर जाऊन उभे. हाताची घडी, मिशीला पीळ. "आता दिसंल कोण कोण फुटलंय!"

पहिल्या आत्याबाई गेल्या, मला बरोबर घेऊन. एक मेणबत्ती स्वतःची, एक सासऱ्यांची. "ध्यानात ठेवतो, वैनी!" अण्णा म्हणाले. मग गुरव आला. त्याच्यामागून ज्यानं खुर्ची धरली होती तो, ज्याचा पाय घसरला होता तो. जो येई तो अण्णांना बघून दचके, पण तापाच्या भीतीनं मेणबत्ती लावूनच जाई. खुरसाच्या पायरीवर जागा उरेना.

"ध्यानात ठेवतो! ध्यानात ठेवतो!" अण्णांचा आवाज बसत चालला.

सगळ्यात शेवटी लक्ष्मीअक्का आल्या. अण्णांना वाटलं, चहाला बोलवायला आली.

अक्कांनी पदराखालची मेणबत्ती काढली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. मग मान वर करून अण्णांना म्हणाल्या,

"उभंच हायसा, तर वारं तरी अडवा जरा!"