बेनिनच्या बॅगेतील सत्यप्रत

अमरावतीच्या तहसील कार्यालयासमोर कडुनिंबाखाली बसून मी सत्तावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची वेळ आजवर कोणत्याही साहेबावर आलेली नाही. म्हणून धाकट्या भावाला पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशी जाण्याचा योग आला, तेव्हा त्याच्या सामानाची व्यवस्था माझ्याकडे येणे स्वाभाविक होते.

भाऊ अकोल्याला जठारपेठेत राहतो. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा तो फिटर आहे. आपल्याकडील जिनिंग चार-पाच महिने चालते. उरलेले वर्ष तो घरी बसून असतो. बेनिनमध्येही कापूस पिकतो. तेथील जिनिंगमध्ये त्याला सलग दोन वर्षांचे काम मिळाले होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला गेलो आणि अनुक्रमांक घालून यादी केली. पूर्ण बाह्यांचे सुती सदरे, मच्छरदाणी, हिवतापाच्या गोळ्या, मीठ-साखरेची पाकिटे, डोक्याला बांधावयाचे दुपट्टे. ऊन लागू नये म्हणून खिशात बाळगायला भावाच्या बायकोने चार कांदेही आणून ठेवले.

"कांदे काहून वं?" भाऊ तिला म्हणाला. "अकोल्याचा मे काढलेल्या मानसाले तिथलं ऊन काय करते?"

"राहू द्या खिशात. तिथं सांगाले मी नाई राहीन."

यादीच्या अगदी वर, अनुक्रमांक एकला, कागदपत्रे होती; ती बाब मी स्वतः पाहिली. मूळ कागद हातचा सोडू नये, हा माझ्या व्यवसायातील पहिला नियम. मूळ कागद एकदा कार्यालयात गेला की तो परत मागण्यासाठी दुसरा अर्ज लिहावा लागतो. असे कैक अर्ज मी लिहिले आहेत. बेनिनमध्ये प्रवेशासाठी लागते म्हणून भावाने मुंबईला जाऊन पीतज्वराची लस टोचून घेतली होती. तिचे पिवळे कार्ड आणि आयटीआयचे प्रमाणपत्र यांच्या सत्यप्रती मी अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह तीन संचांत तयार केल्या होत्या. त्या बॅगेत ठेवल्या. मूळ कागद माझ्या फायलीत राहिले. पासपोर्ट तेवढा त्याच्याकडे दिला, कारण त्यावाचून विमानात बसता येत नाही, हे मला ठाऊक होते.

"दादा, पिवळं कार्ड ठेवलं ना?" त्याने विचारले.

"यादी पाहा. अनुक्रमांक एक."

त्याने यादी पाहिली नाही. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी तो रेल्वेने मुंबईला गेला आणि मी फायलीसह अमरावतीला परतलो. त्याच्या पुढच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, विमानतळावरून त्याचा फोन आला. माझ्यासमोर वलगावची एक बाई फेरफाराचा अर्ज लिहून घेत होती.

"दादा, कार्ड मांगून राहिले. ओरिजिनल."

"सत्यप्रत दाखव. तिच्यावर अधिकाऱ्याची सही आहे."

"दाखवली. त्यायले त्याचं काई नाई. कार्ड कुठं आहे?"

फाईल माझ्या मांडीवर होती. "इथं," मी म्हणालो.

"अमरावतीले?"

"हो."

त्याच्या मागे कोणीतरी पुढच्या माणसाला बोलावत होते. मग फोन बंद झाला. मी बाईचा अर्ज पूर्ण केला. त्यात एकही खाडाखोड झाली नाही. याचे मला तेव्हा नवल वाटले नाही, आताही वाटत नाही.

रविवारी मी कार्ड घेऊन अकोल्याला गेलो. भाऊ मुंबईहूनच परतला होता; त्याला नेणाऱ्या कंपनीने त्याच्या जागी दुसरा फिटर पाठवला होता. बॅग रिकामी करून कपाटावर चढवलेली होती. कांदे टोपलीत परत गेले होते. भावाने कार्ड हातात घेऊन उघडून वाचले.

"जन्मभर चालते म्हने हे," तो म्हणाला आणि ते सदऱ्याच्या खिशात घातले.

मी फाईल उघडली, कोरा कागद काढला. "कंपनीला विनंती अर्ज लिहून देतो. पुढच्या हंगामात तुझा विचार करावा, असा."

"राहू द्या, दादा," तो म्हणाला. "मीच बोलतो फोनवर."

आजवर त्याचा कोणताही कागद माझ्या हाताखालून गेल्यावाचून राहिला नव्हता. तो फोन घेऊन अंगणात गेला. त्याच्या बायकोने माझ्यासमोर ताट ठेवले. बाहेरून त्याचा आवाज ऐकू येत होता. तो मोडक्या हिंदीत, सावकाश, सगळे सांगत होता. मी कागद फायलीत परत ठेवला आणि जेवलो.