पावसाळ्यातलं गाव, उन्हाळ्यातलं गाव

गारखेड्यातल्या माझ्या फ्लॅटची एक खोली मागच्या वर्षी मी दक्षिण सुदानच्या एका मुलीला भाड्यानं दिली आणि तिसऱ्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींना नियम आठवायला लागले. मुलगी नर्सिंग शिकते. उंच, हळू बोलणारी. तिचा देश तिच्याहूनही लहान. ती जन्मली तेव्हा तो नव्हताच. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र, सगळ्याच्या झेरॉक्स मी स्वतः क्रांती चौकातून काढून आणल्या होत्या. सेक्रेटरींनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. काही सापडेना, तेव्हा भाडेकरूच्या फॉर्मवर बोट ठेवलं. कायमचा पत्ता: घर नंबर, गल्ली, पिन कोड. तिनं तिथं नुसतं 'बोर' लिहिलं होतं.

"मॅडम, एवढाच पत्ता असतो व्हय? रविवारच्या मीटिंगपर्यंत पुरा पत्ता द्या, नाय तर खोली रिकामी करायला सांगा."

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पत्त्यात काय अवघड आहे, म्हणून त्या संध्याकाळी नकाशा काढायला कॅलेंडरचं जुनं पान तिच्यापुढं ठेवलं. तिनं खाली राजधानी जुबा काढली, वर बोर, मधून नदी. मी लगेच मास्तरीण झाले. "अगं, नदी जुबाहून बोरला येते ना? मग बोर खाली हवं." ती हसायला लागली. नाईल उत्तरेला वाहते हे मी हजारदा फळ्यावर लिहिलं असेल, पण डोक्यात पाणी आपलं वरून खालीच यायचं.

बोर नदीकाठचं शहर, बाजारपेठेचं. तिची माणसं पावसाळ्यात शहराबाहेर, उंचवट्यावरच्या झोपड्यांत राहून ज्वारी करतात. पाऊस ओसरला की गुरं घेऊन नदीकाठच्या गवतात उतरतात. तिथं डासांसाठी शेणाचा धूर करायचा, राख अंगाला चोळायची. पाणी वाढलं तर तळ हलवायचा.

"आंटी, गाय जिधर, घर उधर," ती म्हणाली.

आमचंही तसंच होतं. आम्ही मूळचे वैजापूरकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून निघायचो. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, तो धान्य द्यायचा, आणि तेवढे दिवस तेच आमचं गाव. मला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी पत्ता विचारला आणि वडिलांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याचा सांगून टाकला. त्या घराचा उंबरा मी कधी ओलांडला नाही, पण दाखल्यापासून पेन्शनपर्यंत तेच माझं गाव. सोसायटीत सगळे मला तिथल्या बागायतदाराची लेक समजतात आणि मी समजू देते. मेंढरांची मला कधी लाज वाटली नाही. या गप्प बसण्याची वाटते.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग भरली. तिची दोन्ही ठिकाणं पत्ता म्हणून आम्ही एका कागदावर लिहून दिली होती, तो सेक्रेटरींनी मोठ्यानं वाचला. "सहा महिने हितं, सहा महिने तिथं! फिरस्ती माणसं ही. उद्या हुडकायचं कुठं?"

माझी सटकली. "पावसाळ्यात उंचवट्यावर हुडका, उन्हाळ्यात नदीकाठी. तिला दोन गावं आहेत, तुम्हाला एक. आणि फिरस्ती म्हणाल तर मीही मेंढरांमागंच वाढले. माझ्या दाखल्यावरचं गाव दुसऱ्याचं आहे. चालतं ना तुम्हाला?"

सेक्रेटरी वरमले. माणूस वाईट नाही, फक्त रकाना रिकामा दिसला की त्याला झोप येत नाही. "मॅडम, लई ताणू नका. हिच्या पत्त्यात तुमचाच फ्लॅट नंबर टाका अन् मिटवून टाका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरगीही माझ्याकडं बघून म्हणाली, "चलेगा, आंटी." खोली वाचत होती. वडिलांनाही असंच कुणीतरी समजुतीनं सुचवलं असणार.

"नाही चालणार," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या पत्त्यावर मी अख्खा जन्म काढला. ही काढणार नाही. लिहायचा तर तिचाच पत्ता लिहा. नसेल लिहायचा तर आधी मला बाहेर काढून दाखवा."

सेक्रेटरींनी पेन उघडलं. रकाना पुरेना म्हणून नदीकाठ समासात गेला. पिन कोडच्या चौकटींवर त्यांनी आडवी रेघ मारली, सही केली आणि कपाळ पुसलं.

"झालं का समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "आता माझा सभासदाचा फॉर्म काढा. त्यात गाव खोटं आहे."